शक्तिमान नको, विलीज बघा
१९७१ च्या लढाईत भुसावळजवळच्या वरणगाव आयुध निर्माणीत पाळ्या केलेल्या आजोबांना मे महिन्यातल्या वाढदिवसाला शक्तिमान या लष्कराच्या जुन्या ट्रकमधून फिरवा, असं कुणीतरी सुचवलंय. कल्पना झकास, पण त्या केबिनची उंची बघितलीय का? ऐंशीच्या माणसाला उचलूनच बसवावं लागेल, आणि निर्माणीतल्या जुन्या कामगाराला ते अजिबात रुचणार नाही. विलीज ही जुनी लष्करी जीप बुटकी, दारं नाहीत. सीटवर टेकून पाय आत घेता येतात. दाराच्या जागी असतो तो कडेचा पट्टा मात्र लावाच.

आणि फेरी मे महिन्यात वाढदिवसालाच हवी, हा हट्ट सोडा. भुसावळचा पारा ४५ ला टेकला की जुन्या गाडीत पेट्रोलची नळीतच वाफ होते, पंप ओढत नाही, गाडी भर उन्हात ठप्प. डिसेंबरात, शेतावरच्या भरीत पार्टीच्या दिवसांत ठेवा, शेतापर्यंत फेरी आपोआप होईल.