नासचा सर्वांत मोठा अल्बम ‘इलमॅटिक’ नाही, ‘लाइफ इज गुड’ आहे

दुपारचा_रेडिओ

न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतून आलेल्या रॅपर नासचा, म्हणजे नासिर जोन्सचा, विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी ‘इलमॅटिक’वर येते आणि तिथेच थांबते. १९९४ साली विशीतल्या पोराने काढलेला पहिलाच अल्बम. तो थोर आहे, वाद नाही. पण त्यानंतरही हा माणूस लिहीत राहिला आणि आपण मात्र त्याला अजून त्याच वसाहतीच्या जिन्यावर बसवून ठेवलंय, हे मला पटत नाही.

माझं मत ‘लाइफ इज गुड’ला, २०१२. तेव्हा तो अडतिशीत होता आणि गायिका केलीसबरोबरचं लग्न मोडून झालं होतं. मुखपृष्ठावर तो पांढऱ्या सुटात बसलाय आणि मांडीवर तिचा हिरवा लग्नाचा पोशाख आहे. शेवटच्या ‘बाय बेबी’त तो त्या लग्नाचा हिशेब मांडतो, पण तिला शिव्या घालत नाही. ‘डॉटर्स’मध्ये वयात येणाऱ्या लेकीपुढे हतबल झालेला बाप आहे. ‘चेरी वाइन’मध्ये गायिका अ‍ॅमी वाइनहाउसचा आवाज आहे, आणि अल्बम आला तेव्हा तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. नो आय.डी. आणि सलाम रेमी या निर्मात्यांचे बीट्स, म्हणजे शब्दांखालचं संगीत, भरदार आहेत, पण शब्दांवर चढत नाहीत. रॅप हे तरुणांचंच काम, असं म्हणणाऱ्यांना मी हा अल्बम ऐकवतो.

चाळिसावी_गल्ली

साफ असहमत.

‘इलमॅटिक’ चाळीस मिनिटांच्या आत संपतो. दहा तुकडे, त्यातला पहिला तर नुसती प्रस्तावना. एकही गाणं काढता येत नाही. ‘लाइफ इज गुड’मधली दोन-तीन मी आत्ता काढून दाखवतो. डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप, एल.ई.एस. असे वेगवेगळ्या हातांचे लोक बीट्स देतायत, तरी सगळं एकाच वस्तीतून ऐकू येतं. रेकॉर्डच्या दोन बाजूंची नावंसुद्धा चाळीस आणि एक्केचाळीस या तिथल्याच रस्त्यांवरून ठेवलीत. पाहुणा रॅपर फक्त एक, ए-झी, आणि त्याच गाण्याच्या शेवटी नासचे वडील ओलू डारा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवतात.

त्यातल्या ‘एन.वाय. स्टेट ऑफ माइंड’च्या सुरुवातीला तो स्वतःच म्हणतो की हे कसं सुरू करावं कळत नाहीये. आणि मग जे सुरू होतं ते थांबतच नाही. एका वाक्याचं यमक पुढच्या वाक्याच्या पोटात जाऊन बसतं. ही चीज त्याला पुन्हा त्या तोडीची साधली नाही.

आणि त्यातलंच ‘वन लव्ह’. पहिली दोन कडवी म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. तिसऱ्यात तो वस्तीत परततो, तर बाहेर फक्त एक बारा वर्षांचा पोरगा. अंगात गोळीरोधक जाकीट, जवळ पिस्तूल, बोलणं निगरगट्ट. नास त्याला चार शब्द सांगतो, कपड्यांवरची राख झटकतो आणि निघून जातो. रडारड नाही, उपदेशाचा सूर नाही. विशीत हे लिहिणाऱ्याला तुम्ही दुसरा नंबर देणार?

मधलं_पान

तुम्ही दोघेही मधली सगळी वर्षं ओलांडून गेलात. ‘इट वॉज रिटन’ला (१९९६) लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, कारण ट्रॅकमास्टर्स या निर्मात्यांचा चकचकीत आवाज आणि गायिका लॉरिन हिलबरोबरचं रेडिओवर गाजलेलं गाणं. पण त्यात ‘आय गेव्ह यू पॉवर’ आहे. पूर्ण गाणं बंदुकीच्या तोंडून. हातोहात फिरून, माणसं मारून ती कंटाळलीय आणि ऐन वेळी अडकून बसायचं ठरवते. मालक मरतो. तिला वाटतं सुटलो, तेवढ्यात दुसरा कोणीतरी तिला उचलतो. बीट प्रीमियरचाच, म्हणजे ‘नास बाजारू झाला’ ही ओरडही अर्धीच खरी.

२००१ च्या ‘स्टिलमॅटिक’मध्ये ‘रिवाइंड’ शेवटाकडून सुरुवातीकडे जातं, गोळी जखमेतून निघून बंदुकीच्या नळीत परत शिरते. त्याच अल्बमवर प्रतिस्पर्धी रॅपर जे-झीला दिलेलं उत्तर, ‘ईथर’, आहे. लोकांना तेवढंच आठवतं, याचं मला वाईट वाटतं, कारण ‘वन माइक’ त्याहून कितीतरी मोठं गाणं आहे. कुजबुजीतून सुरू होतं, ओरडण्यापर्यंत चढतं आणि पुन्हा खाली येतं.

१९९९ मात्र मी सोडून देतो. ‘आय अ‍ॅम’ दुहेरी अल्बम व्हायचा होता, पण गाणी आधीच इंटरनेटवर फुटली. मूळ आराखडा मोडला आणि त्याच वर्षी घाईत ‘नॅस्ट्राडेमस’ आला, जो मला आजही ऐकवत नाही. त्या वेळी बाजूला पडलेली काही गाणी २००२ मध्ये ‘द लॉस्ट टेप्स’वर आली. ती ऐकली की काय हुकलं ते कळतं.

दुपारचा_रेडिओ

@चाळिसावी_गल्ली, ‘वन लव्ह’ काढलंत हे बरं केलंत. आता त्याच्या शेजारी ‘डॉटर्स’ ठेवा. लेकीने इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. पण पहिलं कडवं ऐका. लेक एका तिच्याच वयाच्या मुलाला पत्र पाठवते, आणि तो मुलगा तुरुंगात आहे! १९९४ मध्ये तुरुंगात पत्रं धाडणारा नास होता. २०१२ मध्ये पत्र त्याच्याच घरातून निघतंय, लेकीच्या हातचं, आणि हा बाप संतापतो, मग स्वतःलाच विचारतो की मी हिला यापासून वाचवू कसा शकलो नाही.

‘वन लव्ह’मधल्या त्या पोराला चार शब्द सांगून नास उठून जाऊ शकला. लेकीपासून उठून जाता येत नाही. हे गाणं लिहायला विशीतला नास पुरा पडला नसता. हुशारी तेव्हाही भरपूर होती, पण गमावण्यासारखं त्याच्या घरात काही नव्हतं. माझं मत यावरच उभं आहे, एकेका ओळीच्या कारागिरीवर नाही.

अंधेरी_लोकल

मी नासपर्यंत २०१९ च्या ‘गली बॉय’मुळे पोचलो. तो त्या चित्रपटाचा कार्यकारी निर्माता होता आणि मुंबईचे रॅपर डिव्हाइन, नेझी यांच्याबरोबरच्या ‘एन.वाय. से मुंबई’ गाण्यातही आहे. त्याच वर्षी त्याच्या मास अपील या संगीत कंपनीची भारतातली शाखा सुरू झाली ती डिव्हाइनला घेऊनच. म्हणून माझा नास तुमच्यापेक्षा उशिराचा आहे, निर्माता हिट-बॉयबरोबरचा.

ऑगस्ट २०२० ते सप्टेंबर २०२३ या काळात सहा अल्बम, तीन ‘किंग्ज डिसीज’ आणि तीन ‘मॅजिक’. शेवटचा त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी. पहिल्या ‘किंग्ज डिसीज’ला ग्रॅमी मिळालं, त्याचं पहिलंच. नास बीट निवडण्यात चुकतो ही जुनी तक्रार इथे संपली. ‘किंग्ज डिसीज ३’वर एकही पाहुणा रॅपर नाही, सगळा भार एकट्याने उचललाय. त्यातल्या ‘थन’मध्ये तो सांगतो की जुन्या भांडणाची गाणी काढून तो कधीकधी जे-झीला मेसेज करतो, आणि दोघे हसतात. ज्या वैरात अख्खं शहर दोन बाजूंना वाटलं गेलं होतं, ते असं मिटलेलं ऐकून मला फार बरं वाटलं. माझं मत ‘किंग्ज डिसीज ३’.

चाळिसावी_गल्ली

@अंधेरी_लोकल, हे सहाही अल्बम मी आवडीने ऐकलेत. पण ते सपाटीवर चालतात. वाईट गाणं जवळपास नाहीच, आणि ‘वन लव्ह’च्या उंचीचंही नाही. एकाच निर्मात्याबरोबर इतकं भराभर काम केलं की गाणी एकमेकांत मिसळतात. आत्ता डोळे मिटून सांगा, ‘मॅजिक २’मधलं कोणतं गाणं आठवतं?

@दुपारचा_रेडिओ, पत्राचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्या बाजूने जातो. ‘वन लव्ह’ मनात नसेल तर ‘डॉटर्स’ काळजीत पडलेल्या कुठल्याही बापाचं गाणं आहे. ‘वन लव्ह’ला मात्र आधी काहीच ऐकलेलं लागत नाही. ‘लाइफ इज गुड’वर ‘लोको-मोटिव्ह’साठी लार्ज प्रोफेसर पुन्हा येतो, तेव्हा आपल्या अंगावर काटा येतो तो १९९४ मुळेच. उसन्या बळावर उभा असलेला अल्बम पहिला कसा?

दुपारचा_रेडिओ

उसनं कसलं? स्वतःचंच आहे ते. अठरा वर्षं माणूस ज्यातून गेला ते गाण्यात यायला नको?

अंधेरी_लोकल

‘मॅजिक २’बद्दल आत्ता लगेच उत्तर देता येत नाही, पुन्हा ऐकून सांगतो. पण ‘किंग्ज डिसीज २’मधलं ‘डेथ रो ईस्ट’ मला डोळे मिटूनही आठवतं. नव्वदीतल्या अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या रॅपर्समधल्या तणावाची गोष्ट, तिथे हजर असलेल्या माणसाने सांगितलेली. त्याला सपाट म्हणू नका.

मधलं_पान

‘गॉड्स सन’चं नाव अजून कोणीच घेतलं नाही? २००२ मध्ये आई गेली आणि त्याच डिसेंबरात हा अल्बम आला. ‘डान्स’मध्ये त्याला आईबरोबर फक्त एकदा, शेवटचं नाचायचंय. तिथेही वडील वाजवतायत. @दुपारचा_रेडिओ, घरात गमावण्यासारखं काही असणं हा निकष असेल तर तो इथेच, दहा वर्षं आधी पुरा झालाय. यावर तुमचं काय म्हणणं?