आमचे थोरले मामा

दादा, तुम्ही वडिलांच्या मासेमारीच्या आठवणी लिहिल्यात ना वर, त्या वाचून आमचे थोरले मामाच आठवले बघा. इगतपुरीकडे भातशेती, आवणी (भाताची लावणी) उरकली की माणूस घरात सापडायचाच नाही, गळ घेऊन दारणा नदीवर नाहीतर पावसात रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला खेकडे धरायला, आणि सोबत आम्ही सगळी भाचरं चिखलात. पण नियम कडक हं! मरळ माशाची लालसर पिल्लं थव्याने वर आली की खाली आईबाप राखणीला असतात, तेव्हा गळ टाकायचा नाही म्हणजे नाही. आम्ही हट्ट केला तर सरळ घरी पाठवायचे.

थंडीत नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात बदकं बघायला न्यायचे, २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं तर म्हणे आता कळलं होय सरकारला 😄

कळसूबाई १६४६ मीटर, पण हे चपलेवर चढायचे, आमचे ब्रँडेड शूज मागे. खेकड्यांचा रस्सा मात्र स्वतःच करणार, मामींना चुलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. मामी अजून म्हणतात, भांडी कोण घासायचं ते पण लिहा की.