ताळेबंद नेमका १,५०० रुपयांनी जुळत नाही: बुडीत कर्ज आणि संशयित कर्ज निधी

बारावी_कॉमर्स

भागीदारी संस्थेच्या अंतिम खात्यांचं गणित सोडवतेय. बाकीच्या समायोजना (वर्षअखेरीस करायच्या राहिलेल्या नोंदी) तपासून झाल्या, घोडं अडलंय ते ऋणकोंपाशी, म्हणजे ज्यांच्याकडून पैसे येणे आहेत त्यांच्यापाशी. ३१ मार्चच्या तेरजेतले (सर्व खात्यांच्या शिलकांच्या यादीतले) आकडे:

विविध ऋणको ६२,००० (नावे, म्हणजे डेबिट)
बुडीत कर्ज १,५०० (नावे)
संशयित कर्ज निधी, म्हणजे बुडू शकणाऱ्या येण्यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, २,४०० (जमा, म्हणजे क्रेडिट)

समायोजना: आणखी २,००० रुपये बुडीत कर्ज म्हणून लिहून टाका आणि ऋणकोंवर ५% संशयित कर्ज निधी ठेवा.

मी ६२,००० वर ५% म्हणजे ३,१०० काढले. नफातोटा खात्याच्या नावे बाजूला १,५०० + २,००० + ३,१०० − २,४०० = ४,२००. ताळेबंदात ६२,००० मधून १,५००, २,००० आणि ३,१०० वजा करून ५५,४०० आले. संपत्तीची बाजू १,५०० ने कमी भरते. कुठे चुकलं? आणि जुना निधी वजा का करायचा?

खतावणी_पान

तुझ्या उत्तरात दोन चुका आहेत, आणि ताळेबंदाने त्यातली एकच पकडली आहे.

पहिली, १,५०० ची. तेरजेतलं बुडीत कर्ज वर्षभरातच लिहून टाकलेलं असतं. तेव्हाची नोंद अशी झालेली आहे:

बुडीत कर्ज खाते ...... नावे १,५००
  ऋणकोच्या खात्याला ...... जमा १,५००

म्हणजे ६२,००० ही रक्कम १,५०० वजा होऊनच आलेली आहे. तू ते पुन्हा वजा केलेस, म्हणून संपत्ती तेवढ्याने घटली. तेरजेतल्या रकमेची दुहेरी नोंद आधीच पुरी झालेली असते, त्यामुळे अंतिम खात्यांत ती एकाच जागी जाते. इथे ती जागा नफातोटा खाते. समायोजनेतल्या २,००० ची नोंद अजून कुठेच झालेली नाही, म्हणून ती दोन जागी: नफातोटा खात्यात खर्च आणि ताळेबंदात ऋणकोंमधून वजा.

दुसरी चूक निधीची. जे २,००० बुडालेच, त्यांच्यावर "बुडतील की काय" म्हणून पुन्हा ५% ठेवण्यात अर्थ नाही. आधी २,००० वजा, मग उरलेल्या ६०,००० वर ५% म्हणजे ३,०००. तुझे जादा १०० रुपये दोन्हीकडे सारखेच गेले: खर्च वाढून नफा १०० ने कमी, ऋणकोही १०० ने कमी. त्यामुळे ही चूक राहिली असती तरी ताळेबंद जुळलाच असता. जुळला म्हणून पेन खाली ठेवू नका, हे विद्यार्थ्यांना कितीही वेळा सांगितलं तरी कमीच.

बरोबर उत्तर: नफातोटा खात्यात १,५०० + २,००० + ३,००० − २,४०० = ४,१००. ताळेबंदात ६२,००० − २,००० − ३,००० = ५७,०००.

नावे_जमा

जुन्या निधीचा प्रश्न राहिला. सूत्र पाठ करण्यापेक्षा संशयित कर्ज निधीचं खातं एकदा उघडून बघ.

जमा बाजू: सुरुवातीची शिल्लक २,४००, नफातोटा खात्यातून ४,१००. एकूण ६,५००.
नावे बाजू: बुडीत कर्ज खात्यातून आलेले ३,५०० (१,५०० + २,०००), अखेरची शिल्लक ३,०००. एकूण ६,५००.

२,४०० मागच्या वर्षीच्या नफ्यातून बाजूला काढले होते, ते असं बुडीत कर्ज आलं तर त्याची भरपाई करायलाच. यंदा ३,५०० बुडाले. २,४०० निधीतून गेले, वर १,१०० कमी पडले. पुढच्या वर्षासाठी ३,००० नव्याने ठेवायचे. १,१०० + ३,००० = ४,१००, तेवढाच भार यंदाच्या नफ्यावर. जुना निधी असा वापरला गेला, मग ताळेबंदात दाखवायला उरतो फक्त नवा.

बारावी_कॉमर्स

धन्यवाद, १,५०० सापडले! पण जुना निधी गरजेपेक्षा जास्त असेल तर? समजा तेरजेत २,४०० ऐवजी ८,००० असते.

नावे_जमा

तर ६,५०० − ८,००० = उणे १,५००. हा जादा निधी नफातोटा खात्याच्या जमा बाजूला घ्यायचा. ताळेबंदात काहीच बदलत नाही, ऋणको ५७,००० च राहतात. बरेच जण इथे उणे चिन्ह लावून रक्कम नावे बाजूलाच ठेवतात. तसं करू नकोस, बाजू बदल.

लेखापाल_ठाणे

परीक्षेत २,००० असे सरळ देतीलच असं नाही. "५,००० रुपये येणे असलेला ग्राहक दिवाळखोर झाला, रुपयामागे ६० पैसेच मिळतील" असं असेल तर बुडीत कर्ज रुपयामागे ४० पैशांनी २,०००. मिळणारे ३,००० ऋणकोंमध्येच राहतात. पूर्ण ५,००० वजा करू नकोस.

न नोंदलेली उधार विक्री समायोजनेत असेल तर ती निधी काढण्याआधी ऋणकोंमध्ये मिळव. विक्रीतही तेवढीच वाढ कर.

ऋणकोंवर सूट-निधी (पैसे देताना त्यांना द्याव्या लागणाऱ्या सुटीसाठीची तरतूद) मागितला तर क्रम पक्का आहे: बुडीत कर्ज, मग संशयित कर्ज निधी, मग सूट. तुझ्या गणितात २% असता तर तो ५७,००० वर, म्हणजे १,१४०, आणि ताळेबंदात ५५,८६०. सूट जो पैसे देणार त्यालाच मिळते, म्हणून ती शेवटी. ६०,००० वर काढलीस तर १,२०० येतात, आणि ती चूकही ताळेबंद दाखवत नाही.

आता वसुली. मागे लिहून टाकलेल्यांपैकी कुणी ८०० रुपये आणून दिले तर ते त्याच्या खात्याला जमा करायचे नाहीत. ते खातं बंद झालंय, उगाच जमा शिल्लक दिसेल आणि एकूण ऋणको ८०० ने कमी येतील. नोंद अशी:

रोख खाते ...... नावे ८००
  बुडीत कर्ज वसुली खात्याला ...... जमा ८००

ही रक्कम नफातोटा खात्याच्या जमा बाजूला जाते. ऋणकोंना हात लावायचा नाही.

खतावणी_पान

फरक शोधताना अजून दोन गोष्टी करून बघ. फरकाची निम्मी रक्कम गणितात आहे का ते पाहा. असेल तर ती चुकीच्या बाजूला गेली असण्याची शक्यता मोठी. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल शोध. ५,६४० चे ५,४६० लिहिले की १८० चा फरक पडतो. तुझ्या १,५०० ला ९ ने भाग जात नाही, आणि तोच आकडा तेरजेत समोर होता, म्हणून एक रक्कम दोनदा धरली गेली की राहून गेली एवढंच बघायचं होतं.

उत्तरपत्रिकेत ६२,००० मधली वजाबाकी ताळेबंदाच्या आतल्या रकान्यात ओळीने मांड आणि बाहेरच्या रकान्यात फक्त ५७,००० लिही. पायऱ्या दिसल्या की शेवटचा आकडा चुकला तरी त्यांचे गुण मिळू शकतात.