लोणारला जातोय, वरूनच बघायचं की खाली उतरायचं?

फिरस्ता_पुणे: डिसेंबरात आईबाबांना घेऊन संभाजीनगरला भावाकडे जातोय, तिथून लोणारला (उल्केच्या विवरातलं खारं तळं) एक मुक्काम करावा म्हणतोय. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे विवरात उतरणं जमणार नाही बहुतेक. ऑफिसात सगळे म्हणतात वरून फोटो काढा, अर्ध्या तासात काम होतं, मग दीडशे किमी जायचं कशाला?? बाबांना जुनी देवळं आवडतात, मला पक्षी. धारेला (विवराच्या काठावरचा झरा) पाणी असतं का तेव्हा? आणि ते गुलाबी पाणी अजून दिसतं का

मेहकरवाला: अर्ध्या तासवाले गाडीतून उतरतच नाहीत भाऊ 😄 धार बाराही महिने चालू राह्यते, उन्हाळ्यातही. गोमुखातून पाणी कुंडात पडते, लोक आंघोळ करतात, बाजूला छोटी छोटी देवळं हायेत. आईला तिथंवर हळूहळू न्या, पायऱ्या ओल्या असतात तर हात धरा, अन् तिथून खालचं पाणी अन् झाडी दिसतेच. बाबांसाठी दैत्यसूदन मंदिर, गावातच सपाटीवर हाय, उतरायची भानगड नाही. बाहेरून लोक फेरी मारतात अन् निघून जातात, तुम्ही आत टॉर्च घेऊन जा, छतावर नरसिंह, कृष्णाच्या कथा कोरल्या हायेत, अंधारात मोबाईलच्या लाईटनं काही समजत नाही. मे महिन्यात काही दिवस सूर्यकिरण थेट मूर्तीवर येतात पण तेव्हा ऊन कसं असते ते विचारू नका बाप्पा

शेकाट्या: गुलाबी विसरा. ते २०२० च्या जूनमधलं, पाणी आटून खारटपणा वाढला तेव्हा त्यातल्या क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे झालं होतं, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलंय. एरवी पाणी हिरवट असतं, पूर्वी पीएच १० च्या आसपास असायचा आणि मासे जगत नसत. पण गंमत अशी की याच खाऱ्या पाण्याच्या कडेला गोड्या पाण्याचे झरे आहेत, म्हणून तर २०२० मध्येच याला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) मिळाला तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही (महाराष्ट्रातला पहिला नांदूर मध्यमेश्वर, हा दुसरा). पक्षी बघायचे तर सकाळी लवकर तू एकटा उतर. झाडीत मोर असतात, काठाला शेकाट्या, टिबुकल्या, थंडीत बदकं. दुर्बीण घेच.

फिरस्ता_पुणे: मी उतरलो तर तळ्याकाठच्या कमळजादेवीच्या देवळापर्यंत जाता येईल का? तिथली सासू-सुनेची विहीर बघायची आहे, एका बाजूचं पाणी खारट आणि दुसरीकडचं गोड म्हणतात ते खरंय का

मेहकरवाला: लोक तसंच सांगतात, तळ्याकडची बाजू खारट, देवळाकडची गोड. पण ती दिसणं पाण्यावर हाय. पाऊस जास्त झाला की तळं चढते अन् विहीर पाण्यात जाते, देवळाजवळही पाणी येते. निघायच्या आधी वनखात्याच्या गेटवर विचारा, उगाच चिखलात घुसू नका. नवरात्रात यात्रा असते तेव्हा गर्दी लय

आजीचा_डबा: आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, खाली उतरलो नाही आणि काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही!! पण शेकाट्या म्हणतायत ते पटत नाही, ज्याला गुडघे साथ देतात त्याने एकट्याने कशाला जायचं, बाबांनाही ने, झाडीतली पडकी देवळं त्यांना दैत्यसूदनपेक्षा जास्त आवडतील बघ. चढताना मात्र दम लागतो हं, उन्हाच्या आत वर ये. खाण्याचं लोणारात फार काही धरू नका, डबा घ्या. जालन्याकडून आलात तर वाटेत सिंदखेडराजा लागतं, जिजाऊंचं जन्मस्थान, ते सोडू नका.

मेहकरवाला: अन् परत जाताना मेहकरला वळून शारंगधर बालाजी बघा, काळ्या पाषाणाची एवढी मोठी मूर्ती बाबांनी पाह्यली नसंल. मेहकर पैनगंगेच्या काठावर हाय, तिथून समृद्धी महामार्ग पण जवळ पडते

फिरस्ता_पुणे: ठरलं मग. बाबा माझ्याबरोबर खाली, आई धारेजवळ. टॉर्च आणि दुर्बीण आत्ताच बॅगेत टाकली 🙏