दोन अधिवेशनांच्या शाळेत शिक्षकांचं मिश्र प्रशिक्षण कसं बसवायचं?

समन्वयक_कुर्ला
कुर्ल्यातली अनुदानित मराठी शाळा. २४ शिक्षक, निम्मे सकाळच्या अधिवेशनात, निम्मे दुपारच्या. सगळे एकत्र येतील असे दोनच शनिवार मिळालेत, प्रत्येकी तीन तासांचे, मध्ये सहा आठवडे. वर्गातलं शिकवणं आणि ऑनलाइन साहित्य यांची सांगड घालायला शिकायचंय. सध्याचा आराखडा: पहिल्या शनिवारी व्याख्यान, मग घरी व्हिडिओ, दुसऱ्या शनिवारी चाचणी. यात काय बदलावं?

खडू_फळा
व्याख्यान आधी काढा. ऐकायचं-बघायचं ते सगळं ऑनलाइन जाऊ द्या आणि समोरासमोरचे सहा तास करून बघायला ठेवा.

पहिल्या शनिवारची पहिली ४५ मिनिटं फक्त लॉगिनला द्या. पासवर्ड विसरलेला शिक्षक घरी अडकला की कुणाला विचारत नाही, गप्प बसतो. एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सहसा आठ-दहा फोनच जोडता येतात, त्यामुळे तीन हॉटस्पॉट तरी लागतील. व्हिडिओ आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.

मधल्या दर आठवड्याला सहा-आठ मिनिटांचा एक व्हिडिओ आणि वर्गात करायचं एकच काम. सोबत मुलांच्या तीन वह्यांचा फोटो, नावं झाकून. समजा सहावीच्या वहीत १/२ + १/३ = २/५ आलंय. त्याखाली प्रश्न टाका: मुलाने काय विचार केला असेल, आणि उद्याचा तास कुठून सुरू कराल? कुणी कागदाच्या पट्ट्या म्हणेल, कुणी संख्यारेषा. खरं शिकणं या चर्चेत होतं. ‘व्हिडिओ कसा वाटला?’ असं विचारलंत तर ‘छान’ आणि अंगठे येतील, दुसरं काही नाही.

दुसऱ्या शनिवारी सहा-सहा जणांचे चार गट. प्रत्येकाला सात मिनिटं पाठ, आठ मिनिटं चर्चा. दीड तासात सगळ्यांची पाळी होते.

तासिका३५
चर्चा व्हॉट्सअ‍ॅपवर नको एवढं सांगेन. सुप्रभात आणि परिपत्रकांच्या गर्दीत वहीचा फोटो दोन दिवसांत वर सरकतो, मग कुणाला सापडत नाही. गूगल क्लासरूममध्ये दर आठवड्याचा वेगळा विषय करा. व्हॉट्सअ‍ॅप आठवण करून देण्यापुरतं.

पहिल्या शनिवारी शिक्षकांना विद्यार्थी करून फिरते गट चालवून दाखवा. ३५ मिनिटांची तासिका, तीन गट: एक फोनवर, एक वहीत, एक शिक्षकासमोर. प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर हलायला जेमतेम पाच उरतात. मुलांनी बाकं सरकवली की तीही जातात, म्हणून मुलं जागेवरच बसवा आणि काम फिरवा. हमखास बिघडतं ते फोनच्या गटात: आवाज ऐकू येत नाही, जाहिरात लागते, शिक्षक तिकडे धावतो आणि समोरचा गट तसाच राहतो. त्या गटात एक मूल फोन सांभाळायला नेमा आणि व्हिडिओ उतरवलेलाच लावा.

दीक्षा_वापरकर्ती
सरकारच्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन शिक्षण-मंचावरचा अभ्यासक्रम जोडणार असाल तर सुरुवातीलाच सगळ्यांना प्रोफाइलमधलं नाव तपासायला सांगा; प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. इंटरनेट नसताना पूर्ण केलेला भाग नंतर सिंक केला नाही तर प्रगती अर्धवटच दिसते.

आणि वेळेचं बघा, मॅडम. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाकडून वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. ते तास अंबरनाथची नाहीतर विरारची लोकल पकडून घरी पोचल्यावर रात्री अकराला काढायला लावणं अन्याय आहे. आठवड्यातली एक मोकळी तासिका यासाठी लेखी राखून घ्या, आणि त्या तासिकेला बदली तास लावू नका.

समन्वयक_कुर्ला
आराखडा बदलते. पण चाचणी काढली तर संस्थेला काय दाखवू?

खडू_फळा
तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात प्रत्येकाच्या वर्गात १५ मिनिटं बसा. तीनच नोंदी: ऑनलाइन साहित्य कशासाठी वापरलं, मुलांनी त्यावर काय केलं, चूक सापडल्यावर शिक्षकाने काय बदललं. दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवा. मात्र या नोंदी गोपनीय अहवालात जाणार नाहीत हे पहिल्याच शनिवारी मुख्याध्यापकांकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या, नाहीतर तुम्ही वर्गात याल तेव्हा शिक्षक ठेवणीतलाच पाठ घेतील.