मदत हवी आहे: रॅबिटएमक्यूचा तिसरा नोड कुठे ठेवावा?

रॅबिटएमक्यू म्हणजे प्रोग्रॅममधले मेसेज रांगेत ठेवून पोचवणारं सॉफ्टवेअर; त्याचे आमचे दोन नोड (सर्व्हर) आहेत, एक हिंजवडीत, दुसरा खराडीत. आवृत्ती ३.१२, क्यू (मेसेजच्या रांगा) जुन्या मिरर पद्धतीच्या, म्हणजे एका नोडवरच्या क्यूची प्रत दुसऱ्यावर. गेल्या महिन्यात रस्ता खोदताना मधली फायबर तुटली (पुण्यात नवल ते काय!) आणि दोन्ही नोड स्वतःलाच मुख्य समजून मेसेज घेत बसले. लाइन परत आल्यावर ऑटोहीलने (फूट पडल्यावर एक बाजू निवडून दुसरी रीस्टार्ट करणारी सेटिंग) खराडीची बाजू रीस्टार्ट केली आणि तिकडचे मेसेज गेले ते गेलेच.

मग टेस्टवर पॉज मायनॉरिटी (बहुमत नसलेल्या बाजूचे नोड थांबवणारी सेटिंग) लावून केबल काढून पाहिली. दोघांत बहुमत कुणाकडेच नसतं, त्यामुळे दोन्ही नोड थांबले. ४.० मध्ये मिररिंग काढूनच टाकलंय, तेव्हा कोरम क्यूवर (बहुसंख्य नोडवर लिहिला गेला तरच मेसेज पक्का मानणाऱ्या) जायचं हे नक्की, म्हणजे किमान ३ नोड.

बजेट एकाच जादा मशीनचं आहे. लोड फार नाही, सेकंदाला साधारण ४०० मेसेज. दोन-तीन मिनिटं बंद पडलं तरी चालेल, पण मेसेज हरवून चालणार नाही. तिसरा नोड हिंजवडीतच ठेवला तर हिंजवडीची वीज गेली की सगळंच ठप्प. मुंबईच्या क्लाउडवर ठेवला तर पिंग ८ मिलीसेकंद येतो, पण लाइनचा भरवसा नाही. मेसेज न साठवता नुसतं मत देणारा नोड यात नसतो, हे माहीत आहे.

मुंबईचा तिसरा नोड कुणी प्रत्यक्ष चालवलाय का? की तिन्ही हिंजवडीत ठेवून खराडीला शोव्हेल किंवा फेडरेशनने (वेगवेगळ्या रॅबिटएमक्यूंमध्ये मेसेज पाठवणारे प्लगइन) जोडणंच बरं?