मुंबईत एकच दिवस: कसा काढलात?

परभणीहून मावशी आणि काका आले होते. देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरायचं, रात्रीच्या देवगिरीनं परत. मी डोंबिवलीत राहतो, रोज लोकलनं फोर्टात जातो, म्हणून मुंबई दाखवायचं काम माझ्याकडे. हौसेनं अकरा ठिकाणांची यादी केली: गेटवे, राणीची बाग, हाजीअली, सिद्धिविनायक, जुहू, नॅशनल पार्क, काही म्हणून सोडलं नाही. झाली चार. जुहूला जाताना वांद्र्याच्या आसपास टॅक्सीत दीड तास गेला. काका शांतपणे म्हणाले, "एवढ्यात नांदेडला जाऊन चहा झाला असता."

तर पाहुण्यांना, किंवा स्वतः पाहुणे होऊन, एका दिवसात मुंबई कशी दाखवलीत/पाहिलीत? जमलेलं लिहाच, पण फसलेलं आधी लिहा.

गिरगावची सून

अकरा! आमच्याकडे पाहुण्यांचा कायम राबता, त्यामुळे घरात एकच नियम: एका दिवसाच्या माणसाला वांद्र्यापलीकडे न्यायचं नाही. दक्षिण मुंबई, तीही जमेल तितकी पायी.

सीएसएमटीतून बाहेर पडल्यावर लगेच पुढे पळू नका. रस्ता ओलांडा, महापालिकेच्या बाजूला उभे राहा आणि मागे वळा. आत असताना ते स्टेशन दिसतच नाही. १८८८ साली पूर्ण झालेली इमारत आहे, निवांत बघा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. माझ्या सासऱ्यांची अख्खी नोकरी या स्टेशनातून ये-जा करण्यात गेली. अकोल्याच्या पाहुण्यांच्या पोरानं बोट दाखवेपर्यंत त्यांनी तो वाघ पाहिला नव्हता. पाहिल्यावर वर म्हणतात काय, "आम्हाला ८:१२ दिसायची, वाघ कुठून दिसणार!"

तिथून हुतात्मा चौक, राजाबाई टॉवर बाहेरूनच, मग काळा घोडा. जहांगीर कलादालनाला तिकीट नाही, पाय दुखत असतील तर आत टेकता येतं. जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे आमचं म्युझियम, त्याला दोन तास तरी द्या. मग गेटवे. पंचम जॉर्ज १९११ साली उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, ती खुली झाली १९२४ साली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची तुकडी तिच्याच खालून बाहेर पडली. पाहुण्यांना हे सांगितलं की फोटो काढायचं थांबवून एकदा तरी कमानीकडे बघतात.

संध्याकाळी ११५ नंबरची डबलडेकर पकडून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाला उतरायचं, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचं. पुढचं काही ठरवायचं नाही.

नाशिकचा पाहुणा

फसलेलं आधी. सुट्टी जोडून सोमवार घेतला, पंचवटी एक्स्प्रेसनं आलो, थेट गेटवेला गेलो. घारापुरी बेटावरची लेणी सोमवारी बंद असतात हे तिथे समजलं. बायकोनं काही न बोलता फक्त पाहिलं. लाँचमधून बंदराची फेरी मारली आणि म्युझियम केलं, ते उघडं होतं.

वर्षभरानं गुरुवारी गेलो. एका बाजूला लाँचचा तासभर, मग शंभराहून जास्त पायऱ्या, अर्धा दिवस सहज जातो. पण त्या अंधारात डोळे सरावल्यावर समोर वीस फुटी त्रिमूर्ती हळूहळू दिसायला लागते, त्यापुढे बाकीचा दिवस कसा गेला याचं काही वाटलं नाही. डब्याची पिशवी मात्र सांभाळा. आमची चपाती-भाजी माकडानं नेली आणि समोर बसून आधी चपाती सोलल्यासारखी उलगडून पाहिली.

फक्त रविवार मोकळा

मेगाब्लॉक, म्हणजे रविवारी दुरुस्तीसाठी काही लोकल बंद. आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. मी बघितलं नव्हतं. इतकंच.

आईसोबत फिरणारी

माझ्या आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे वरचा पायी रस्ता आम्हाला उपयोगाचा नाही. आम्ही ठाण्याहून अकरानंतर निघतो, सकाळच्या गर्दीत तिला चढवणं अशक्य. एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्या खालूनच पाहिल्या, हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसलो. मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यापासून बराच फरक पडलाय: लिफ्टनं खाली, सीएसएमटीला बसायचं, सिद्धिविनायकला उतरायचं. मंगळवार टाळा.

बाहेरगावच्यांना एक सांगते. माझी नणंद चर्चगेटबाहेर वीस मिनिटं रिक्षाची वाट बघत उभी होती. वांद्रे आणि शीवच्या अलीकडे शहरात रिक्षा येतच नाहीत, काळी-पिवळी टॅक्सी किंवा बस. आणि दिसेल तिथे बाथरूमला जाऊन घ्या, "पुढे बघू" म्हणू नका. म्युझियममधलं स्वच्छ आहे.

दोन पोरांचा बाप

पोरं बरोबर असतील तर वास्तुकला वगैरे विसरा. राणीच्या बागेत पेंग्विन (बुधवारी बंद!), दुपारनंतर मलबार हिलच्या बागेतला म्हातारीचा बूट. समोरच्या हँगिंग गार्डनखाली पाण्याची टाकी आहे हे मी मोठ्या उत्साहानं सांगितलं. धाकटा म्हणाला, "मग नळ कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही. शेवटी चौपाटीवर भेळ, त्यातली निम्मी वाळूत.

दादरकर

जेवणाचं कुणी लिहिलंच नाही! दुपारी दादरला उतरा. शिवाजी पार्कजवळ प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष घ्या. रांग असेल, उभे राहा. बाकी वडापाव कुठला चांगला यावर इथे वाद नको, मागचा धागा आठवतोय.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, लिहून घेतलं. मावशीला फोनवर विचारलं, काय आवडलं? म्हणाली, मरीन ड्राइव्हला काका कठड्यावर बसून झोपले ते. यादीतली बाकी ठिकाणं तिला सांगताही आली नाहीत.

पुढच्या महिन्यात काकांचे धाकटे भाऊ येतायत. त्यांना घारापुरीच बघायचीय. तिकीट काढून झालंय म्हणे. वार विचारला, सोमवार.